जुन्या वाळूवरचं रान

फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड पाहून आलेली मराठी कुटुंबं आता गावोगावी भेटतात. तिथून मोटारीनं तासाभरावर लेक वेल्स नावाचं गाव आहे. या गावाच्या नावानं ओळखली जाणारी वाळूची धार सुमारे 160 किलोमीटर दक्षिणोत्तर पसरली आहे. तिकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. धारेची उंची शंभर मीटरसुद्धा नाही. पण वीस-तीस लाख वर्षांपूर्वी समुद्र बराच वर होता, आसपासचा मुलूख पाण्याखाली होता, तेव्हा या धारेचे माथे बेटं होऊन कोरडे राहिले. त्यांवर अडकलेले जीव आपापल्या वाटेनं बदलत गेले. इथली कित्येक झाडं आणि किडे म्हणूनच जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत.

पाऊस वर्षाला 130 सेंटीमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे कमी नाही. पण वाळूत पाणी टिकत नाही आणि जाताना झाडांच्या पोटापाण्याचं सगळं धुऊन नेतं. ओकसारखा वृक्ष इथे जेमतेम माणसाच्या उंचीचा होतो.

मोकळ्या वाळूवर कधीकधी नागमोडी रेघ उठलेली दिसते. ती वाळूतल्या सापसुरळीची. वाळूवर चालण्याऐवजी ही बोटभर सापसुरळी वाळूच्या आत पोहते. पुढच्या पायाला एकच बोट, मागच्याला दोन. पुढचे पाय इतके इवले, की अंगावरच्या खाचेत दुमडून बसतात. नाक पाचरीसारखं, खालचा जबडा वरच्याच्या आत बसलेला, कानाला बाहेरून छिद्रच नाही. वाळवी आणि किड्यांच्या अळ्या हे तिचं खाणं.

वर झुडुपांत राहतो स्क्रब-जे, कावळ्याच्या कुळातला निळा पक्षी. जगात फक्त फ्लोरिडातच आढळणारी पक्ष्याची जात ही एवढीच. शरद ऋतूत एकेक पक्षी ओकची हजारो फळं मोकळ्या वाळूत पुरून ठेवतो आणि वर्षभर उकरून खातो. पिल्लं मोठी झाली तरी लगेच वेगळी होत नाहीत. आईबापांजवळ राहून धाकट्या भावंडांना भरवतात, पहारा देतात. याच धारेवरच्या आर्चबोल्ड जैविक केंद्रात पक्षीशास्त्रज्ञ ग्लेन वूलफेंडन यांनी 1969 मध्ये या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून त्यांचा अभ्यास सुरू केला. तो आजही चालू आहे.

या रानाला आग लागते. लागायलाच हवी. विजेनं पेटलेला वणवा काही वर्षांनी येतो, ओक जमिनीपर्यंत जळतो आणि मुळांतून पुन्हा फुटतो. आगीत गोफर कासवाचं खोल बीळ साप, बेडूक, किडे अशा अनेकांचा आसरा होतं. अशा बिळांत साडेतीनशेहून अधिक जाती आढळल्या आहेत. वणवा विझवत राहिलं तर ओक वाढतात, मोकळी वाळू झाकली जाते आणि स्क्रब-जे जागा सोडतो.

बोरीच्या कुळातलं इथलं एक काटेरी झुडूप 1948 मध्ये सेब्रिंग गावाजवळ तोडून वाळवलेल्या एका फांदीवरूनच ठाऊक होतं. 1984 मध्ये त्या नमुन्यावरून त्याला शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हा ते नामशेष झालं असावं असंच वाटत होतं. पुढे 1987 मध्ये ते जिवंत सापडलं. पण अडचण वेगळीच निघाली. कित्येक ठिकाणची सगळी झुडपं एकाच मुळाचे फुटवे होती, आणि स्वतःच्याच परागानं त्याला फळ धरत नाही. फुलं यायची, बी नाही. आता वेगवेगळ्या ठिकाणची रोपं एकत्र लावून बी धरवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

हे रान आता थोडंच उरलं आहे. बाकीचं गेलं कशानं? धारेवर पाणी साचत नाही आणि थंडीतली गार हवा उतारानं खाली निघून जाते. संत्र्याच्या बागांना यापेक्षा चांगली जागा नव्हती. बागांच्या जोडीनं घरं आली. मूळ रानाचा सुमारे 85 टक्के भाग नाहीसा झाला. 1993 मध्ये मुख्यतः दुर्मीळ वनस्पतींसाठी इथे सरकारी अभयारण्य झालं, तेही विखुरलेल्या तुकड्यांचंच. नुसतं कुंपण घालून हे रान टिकणार नाही. उरलेले तुकडे वेळच्या वेळी जाळावे लागतील आणि त्यांना लागून असलेली वाळू, ती विकली जाण्याआधी, त्यांना जोडून घ्यावी लागेल.