भिंतीतील ठेव आणि वहीतील नोंद

जुन्या बाजारपेठेतील वाडा पाडण्यास घेतला की त्याच्या सागवानी तुळया, चौकटी आणि दारे प्रथम विकली जातात. उरलेली माती ट्रकमधून गावाबाहेर जाते. अशाच एखाद्या दुपारी पहारीचा घाव पोकळ जागी बसतो आणि भिंतीतून काहीतरी घरंगळते. कधी तोंड बांधलेला तांब्याचा गडवा, कधी नाण्यांची थैली, तर कधी फडक्यात गुंडाळलेली वही. घरातील मंडळी जमतात आणि पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ती वस्तू नेमकी कोठे होती?

घरात वस्तू लपविण्यामागचा हेतू नेहमी एकच नसे. बँका नव्हत्या त्या काळी व्यापारी घराची भिंत हीच तिजोरी होती. बळदात धान्य, तळघरात माल आणि कोनाड्यामागच्या पोकळीत रोकड. ही ठेव गरजेच्या वेळी परत काढण्यासाठी असे. दुसऱ्या प्रकारच्या ठेवीला कोणी पुन्हा हात लावावा अशी अपेक्षाच नसे. वास्तुशांतीच्या वेळी आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरण्याची रीत महाराष्ट्रात आजही आहे. उंबऱ्याखाली एकटा सापडलेला चांदीचा रुपया आणि तळघराच्या भिंतीत थैलीत सापडलेला रुपया हे दिसण्यात सारखेच. पहिला बहुधा श्रद्धेचा, दुसरा संचयाचा. हा भेद नाणे सांगत नाही, त्याची जागा सांगते.

जागेच्या नोंदीतून इतिहास कसा उभा राहतो याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. नॉर्थम्प्टन हे पादत्राणांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध शहर. तेथील संग्रहालयात जून स्वॉन या पादत्राण-संग्रहाच्या अभ्यासक होत्या. जुनी घरे दुरुस्त करताना भिंतीत जुने बूट सापडल्याचे लोक वारंवार कळवितात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी अशा प्रत्येक शोधाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. २०१२ पर्यंत या नोंदवहीत सुमारे १९०० नोंदी झाल्या होत्या.

एकेक बूट पाहता तो टाकाऊच वाटेल. झिजलेला, ठिगळे लावलेला, बहुधा जोडीतील एकच आणि पुष्कळदा लहान मुलाचा. परंतु नोंदी एकत्र येताच एक सूत्र दिसू लागले. बूट धुराड्यात, जमिनीच्या फळ्यांखाली, छपरात आणि दारेखिडक्यांभोवती सापडत होते. धुराडे, दार, खिडकी या घरात शिरण्याच्या वाटा. अमंगल शक्तींनी त्या वाटेने आत येऊ नये म्हणून वापरातले पादत्राण तेथे ठेवीत असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. बूट का ठेवला याचे स्पष्टीकरण त्या काळच्या कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणजे हे सारे अनुमान वस्तू आणि तिची जागा यांच्याच आधारावर उभे आहे. गवंड्याने तो बूट कचऱ्यात टाकला असता तर एवढाही आधार उरला नसता.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरे मिळविली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने झाली. ज्या कागदांवर हा इतिहास उभा राहिला, ते कित्येकांच्या माळ्यावर रद्दी म्हणून पडून होते. व्यापारी कुटुंबांच्या रोजमेळ, खतावणी आणि हुंड्यांची अवस्था आज पुष्कळ ठिकाणी हीच आहे.

या विषयाला कायद्याची बाजूही आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमात जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडविलेले मूल्यवान द्रव्य येते. घराची भिंतही त्यात आली. मूळ कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. त्या सूचनेत तीन गोष्टी मागितल्या आहेत. निधीचे स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण आणि तारीख. संशोधकाला हवी असलेली नोंद कायद्यानेही मागावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

शोधणारा आणि जागेचा मालक हे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे पक्ष आहेत. निधी बेवारस ठरला आणि उभयतांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. शासनास तो निधी मोबदला देऊन घेण्याचाही अधिकार आहे. ठेव शंभर वर्षांच्या आतील असेल आणि ती आपल्याच पूर्वजाने ठेवली असे कोणी म्हणत असेल, तर त्याला दिवाणी न्यायालयात आपला हक्क सिद्ध करण्याची संधी मिळते. अशा वेळी आजोबांच्या रोजमेळातील एक ओळ मोलाचा पुरावा ठरू शकते. ज्या कुटुंबाने वह्या रद्दीत दिल्या, त्याने आपला साक्षीदारच विकला असे म्हणावे लागेल.

कायद्यापूर्वी कितीतरी शतके हा प्रश्न श्रावकाचाराने सोडविला आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात अचौर्य अणुव्रताचे स्वरूप सांगताना परक्याच्या ठेवलेल्या, पडलेल्या आणि विसरलेल्या द्रव्याचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. दिल्यावाचून ते स्वतःही घेऊ नये आणि दुसऱ्यासही देऊ नये, असा त्याचा आशय आहे. भिंतीतील ठेव म्हणजे ठेवलेले आणि विसरलेले द्रव्यच होय. वाडा दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्या कुटुंबाकडून खरेदी केलेला असेल, तर हा विचार अधिकच जवळचा ठरतो. मजुराच्या हातात चार नोटा ठेवून प्रकरण मिटविणे व्यवहारात सोपे दिसेल, व्रतात मात्र ते बसत नाही.

म्हणून वाडा उतरविण्यापूर्वी काही गोष्टी कराव्यात. प्रत्येक खोलीची, चौकटीची आणि कोनाड्याची छायाचित्रे घ्यावीत. खरेदीखत आणि नगर भूमापनाची मिळकत पत्रिका काढून घर कोणाकडून कोणाकडे आले ते लिहावे. घरातील वडीलधाऱ्यांना भिंतींच्या आठवणी विचाराव्यात. ठेकेदाराला आणि मजुरांना आधीच स्पष्ट सांगावे की काही आढळल्यास काम थांबवावयाचे. वस्तू हलविण्यापूर्वी जागेचे मोजमाप आणि छायाचित्र व्हावे. नाणी चिंचेने घासू नयेत, बांधलेले बोचके घाईने सोडू नये आणि मोडी लिपीतील वही जाणकाराला दाखविल्याखेरीज निरुपयोगी ठरवू नये.

व्यापारी घराला नोंदीचे महत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. दिवस मावळण्यापूर्वी रोजमेळ जुळविण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. जमा झालेली रक्कम कोठून आली हे लिहिल्यावाचून वही मिटली जात नसे. भिंतीतून निघालेली वस्तू हीही घराच्या इतिहासातील एक जमाच आहे. ती कोठून आली, कोणत्या दिवशी आली आणि कोणाच्या हाताला लागली, एवढ्या तीन ओळी त्याच संध्याकाळी लिहिल्या जाव्यात. वाडा गेला तरी त्या ओळी पुढच्या पिढीसाठी उरतील.