वर्णन, नमुना आणि व्यवहार : कंत्राटी इलेक्ट्रॉनिक उत्पादनातील अर्थनिश्चिती

वस्तूची कल्पना करणारा आणि ती प्रत्यक्ष घडविणारा हे दोघे एकाच छपराखाली असतात, तोपर्यंत त्यांच्यामधील बराचसा व्यवहार न लिहिताच पार पडतो. आराखडा करणारा अभियंता कारखान्यात उतरतो, डाख देणाऱ्या कारागिराजवळ उभा राहतो, 'हा भाग फलकापासून थोडा वर ठेवा' असे सांगतो आणि काम होते. घडविण्याचे काम दुसऱ्या संस्थेकडे सोपविले म्हणजे हे सांगणे कागदावर उतरावे लागते. जे उतरत नाही, ते बहुधा हरवते. इलेक्ट्रॉनिक उत्पादनासाठी कंत्राटी पुरवठादार निवडणे हा प्रश्न सामान्यतः दराचा म्हणून मांडला जातो. त्याच्या मुळाशी अर्थनिश्चितीचा प्रश्न आहे, हे प्रस्तुत विवेचनात दाखवावयाचे आहे.

या व्यवसायाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात हंट्सव्हिल येथे १९६१ साली स्थापन झालेली एससीआय ही संस्था प्रारंभी अंतराळ-कार्यासाठी उपकरणे बनवीत असे; १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याचे सर्किट बोर्ड तयार करण्याचे काम तिच्याकडे आले. कॅलिफोर्नियातील सोलेक्ट्रॉन ही संस्था १९७७ मधील. तिला १९९१ मध्ये व पुन्हा १९९७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय बाल्ड्रिज गुणवत्ता-पुरस्कार मिळाला. परक्याच्या नावाने माल बनविणारा कारखाना दुय्यम प्रतीचाच असावयाचा, ही समजूत त्यानंतर टिकणे कठीण होते. आज तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर किंवा पुण्याजवळील रांजणगाव येथेही असे कंत्राटी कारखाने उभे आहेत.

कंत्राटाचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात सर्व सुटे भाग ग्राहक पुरवितो आणि कारखाना केवळ जोडणी करून देतो. आपल्याकडे यास जॉबवर्क म्हणतात. दुसऱ्या, म्हणजे टर्नकी, प्रकारात भागांची खरेदीही पुरवठादारच करतो. या भेदाचे परिणाम दूरवर पोचतात. जॉबवर्कमध्ये माल ग्राहकाचाच राहतो व कारखान्याकडे तो केवळ सोपविलेला असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या १४८ व्या कलमात अशा सोपवणुकीची व्याख्या आहे आणि १५१ व्या कलमानुसार माल स्वीकारणाऱ्याने त्याची सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या मालाची घेईल इतकी काळजी घ्यावयाची असते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या १४३ व्या कलमाप्रमाणे करमुक्त रीतीने जॉबवर्कसाठी पाठविलेला माल सामान्यतः एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. टर्नकी पद्धतीत ही चिंता ग्राहकाला उरत नाही. मात्र कोणता भाग कोणाकडून घ्यावयाचा, हा निर्णयही त्याच्या हातून बऱ्याच अंशी निसटतो. व्यवहार येथे विक्रीच्या जवळ जातो आणि काय विकत मागितले होते, हा प्रश्न पुढे येतो.

हवी असलेली वस्तू सांगण्याचे मालविक्री अधिनियम, १९३० यास परिचित असलेले दोन मार्ग आहेत : वर्णन आणि नमुना. १५ व्या कलमात वर्णनावरून होणाऱ्या विक्रीचा विचार आहे, १७ व्या कलमात नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीचा. दोन्ही एकत्र आले, तर माल केवळ नमुन्याशी जुळून भागत नाही. तो वर्णनाशीही जुळावा लागतो, असे १५ वे कलम स्पष्ट सांगते. कायद्याला दोन्हींची गरज का भासावी, हे इलेक्ट्रॉनिक उत्पादनात चांगले दिसून येते.

प्रथम वर्णन पाहू. सर्किट बोर्डाचे वर्णन म्हणजे त्याचे आराखडे आणि भागांची यादी, जिला कारखान्यात बीओएम म्हणतात. समजा, तीत '१० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, सिरॅमिक कपॅसिटर अथवा समतुल्य' अशी नोंद आहे. वाक्य निर्दोष दिसते. पण 'समतुल्य' हे पद सापेक्ष आहे. कोणत्या गुणाच्या बाबतीत तुल्य, हे सांगितल्याविना त्यास अर्थ येत नाही. एक्स७आर या वर्गातील कपॅसिटरची धारकता उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस या मर्यादेत १५ टक्क्यांहून अधिक बदलत नाही. वाय५व्ही या वर्गाची तापमान-मर्यादा उणे ३० ते ८५ अंश असून तीत धारकता ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते. नोंदीतील प्रत्येक शब्द दोहोंना लागू पडतो. दुसरा स्वस्त असतो, म्हणून खरेदी-अधिकारी तो घेतो आणि त्याने काही लबाडी केली असे म्हणता येत नाही. उन्हाळ्यात बंद पेटीत तापलेले उपकरण मात्र चुकीचे वाचन दाखवू लागते.

आता नमुना. ग्राहक एक निर्दोष बोर्ड देतो आणि 'याप्रमाणे करा' असे सांगतो. नमुन्याला असंख्य गुण असतात : रंग, वजन, डाखाची चकाकी, तारेचा बाक, एखाद्या भागाच्या बुडाशी लावलेला गोंदाचा थेंब. यांपैकी कोणते अनुकरणीय आणि कोणते आगंतुक, हे नमुना स्वतः सांगत नाही. तो गोंदाचा थेंब कंप सोसण्यासाठी मुद्दाम लावलेला असू शकतो किंवा प्रयोगशाळेत चुकून पडलेलाही असू शकतो. वर्णनात जे राहून गेले ते नमुन्यात असते, पण निवडून दाखविलेले नसते.

या दोहोंमधील अंतर कसे भरून निघते? भारतीय शाब्दबोधाच्या परंपरेत शब्दार्थ कळण्याच्या साधनांमध्ये कोश व व्याकरण यांबरोबर वृद्धव्यवहारासही स्थान आहे. एक वडीलधारा दुसऱ्यास 'गाय आण' म्हणतो आणि तो गाय आणतो; मग 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये येतात. पाहणारे बालक एक पद बदलले असता कृतीत काय बदलते हे ताडते आणि या आवापोद्वापाने प्रत्येक पदाचा अर्थ ठरविते. कंत्राटी उत्पादनातील पहिल्या लहान खेपेचे कार्य नेमके हेच असते. पन्नास बोर्डांची खेप मागविली म्हणजे ग्राहकाने लिहिलेले शब्द आणि कारखान्याने केलेली कृती प्रथमच समोरासमोर येतात. त्या खेपेतील पहिला बोर्ड यादीतील नोंदीनुसार एकेक भाग घेऊन तपासणे आणि आढळलेला प्रत्येक फरक कागदात दुरुस्त करणे यासाठी लागणारा वेळ अनेक ग्राहक वाचवू पाहतात. तो वाचविला, तर हेच शिक्षण पाच हजारांच्या खेपेवर घ्यावे लागते.

गुणवत्तेच्या शब्दांबाबत या उद्योगाने एक सामाईक कोश तयार केला आहे. १९५७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आयपीसी या संघटनेचे 'आयपीसी-ए-६१०' हे मानक डाखाचा कोणता सांधा स्वीकारावा हे चित्रांसह सांगते. त्यात उत्पादनांचे तीन वर्ग केलेले आहेत : सर्वसाधारण वापराची, दीर्घ आणि शक्यतो अखंड सेवा अपेक्षित असलेली, आणि ज्यांचे कार्य खंडित होऊन चालणारच नाही अशी, उदाहरणार्थ जीवरक्षक उपकरणे. पहिल्या वर्गात चालणारा सांधा तिसऱ्यात दोषयुक्त ठरू शकतो. म्हणून 'उत्तम प्रतीचे काम' या करारातील शब्दांनी काहीच ठरत नाही. वर्गाचा अंक लिहिला की ठरते.

यावरून निवडीची एक कसोटी हाती येते. दरपत्रक मागविले असता जो पुरवठादार दोन दिवसांत केवळ एक आकडा पाठवितो, त्याने संदिग्ध जागा स्वतःच्या सोयीने भरून घेतल्या असण्याचा संभव असतो. जो 'समतुल्य म्हणजे काय?', 'वर्ग कोणता?', 'चाचणीचे जिग कोण देणार?' असे प्रश्न विचारतो, त्याचा दर थोडा अधिक असला तरी त्याने कागद वाचला आहे एवढे निश्चित होते. कारखान्याच्या भेटीतही यंत्रांच्या संख्येपेक्षा काही साध्या गोष्टी अधिक सांगून जातात. कामगाराच्या बाकापुढील कार्यसूचना त्याला वाचता येणाऱ्या भाषेत आहे काय? जुन्या आराखड्याची प्रत मागे घेतली जाते काय? एखाद्या बोर्डावरील भाग कोणत्या खरेदीतून आला, याचा माग काढता येतो काय? आणि ग्राहकाची मागणी त्या कारखान्याच्या मानाने इतकी लहान तर नाही ना, की त्याचे पत्र कोणी उघडणारच नाही?

भागांचा माग हा प्रश्न टंचाईच्या काळात विशेष गंभीर होतो. अधिकृत विक्रेत्याकडे भाग मिळेनासा झाला की खुल्या बाजारातून घेण्याचा मोह होतो. अमेरिकन सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संरक्षण-पुरवठ्यातील बनावट असल्याचा संशय असलेल्या भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदविली असून त्यांतील भागांची एकूण संख्या दहा लाखांहून अधिक होती. म्हणून पर्यायी भाग लेखी संमतीविना वापरू नये, ही अट करारात आरंभीच असावी.

आणखी एक शब्दभेद महत्त्वाचा आहे : अंदाज आणि मागणी. ग्राहक पुढील सहा महिन्यांचा अंदाज कळवितो. त्याच्या दृष्टीने ते केवळ विधान असते. पुरवठादार त्यावर विसंबून भाग खरेदी करतो. त्याच्या दृष्टीने ते वचन असते. २००१ मध्ये दूरसंचार-साहित्याची मागणी एकाएकी कोसळली, तेव्हा सिस्को या संस्थेला अतिरिक्त साठ्यापोटी सुमारे २२५ कोटी डॉलरचा भार हिशेबात दाखवावा लागला. किती आठवड्यांपर्यंतचा अंदाज बंधनकारक समजावयाचा आणि उरलेल्या भागांची किंमत कोणी सोसावयाची, हे आकड्यांत लिहिलेले असावे, हा त्या वर्षाचा धडा होय.

काम दुसऱ्याकडे दिल्याने उत्तरदायित्वही तिकडे जाते, असे मात्र नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याने केलेल्या उत्पादकाच्या व्याख्येत दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूवर स्वतःची खूण लावणाऱ्याचाही समावेश आहे. रुग्णाच्या उशाशी ठेवलेले यंत्र बंद पडले, तर प्रथम ज्याचे नाव पेटीवर आहे त्यालाच विचारणा होते. भागांच्या यादीत 'समतुल्य' हे पद कोणी लिहिले होते, हा शोध त्यानंतरचा. करार, घटकसूची आणि कार्यसूचना ही अशा रीतीने अर्थाभ्यासाची महत्त्वाची सामग्री ठरते. साहित्यकृतीत संदिग्धता हा गुण असू शकतो; या लेखनात तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. अशा लेखनाचे भाषिक परीक्षण वस्तू घडण्यापूर्वी करणे ही उद्योगाची निकड आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला त्यात करण्याजोगे पुष्कळ काम आहे.