कुलाब्याच्या तोफांचा जमाखर्च

ओहोटी साधून अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत कुलाबा किल्ल्यात शिरलेला मनुष्य जेव्हा उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन इंग्रजी तोफांपाशी थबकतो आणि त्यांवरील यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचे नाव वाचतो, तेव्हा हे परमुलखातले लोखंड या खाऱ्या वाऱ्याशी किती काळ झुंजत आले असेल, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

गंज लोखंड खातो, असे आपण म्हणतो. रसायनशास्त्राच्या दप्तरी मात्र त्याची नोंद देवघेव अशी आहे. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, हे त्याचे ऑक्सिडीकरण. तेच इलेक्ट्रॉन धातूतून वाहत जाऊन पृष्ठभागावर अन्यत्र, ओलाव्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या हवाली होतात, हे ऑक्सिजनचे क्षपण. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात. म्हणून त्याच्या जमेपोटी लोखंडाच्या दोन अणूंच्या नावे खर्च पडतो. भट्टीत कोळशाने खनिजातला ऑक्सिजन काढून घेतला तेव्हा हाच व्यवहार उलट दिशेने झाला होता.

मीठ या व्यवहारात मध्यस्थ असते. त्याच्यामुळे पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, आणि त्यातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडते. म्हणूनच सदैव बुडालेल्या लोखंडापेक्षा, लाटांच्या तुषारांनी भिजणाऱ्या आणि वाऱ्याने सुकणाऱ्या लोखंडाची झीज अधिक. तेथे पाणी आणि हवा या दोहोंचाही तुटवडा नसतो.

1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने आरमारी गलबतांच्या बुडाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. ते तुकडे स्वतः झिजले आणि तांबे वाचले. परंतु झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरेनासे झाल्याने बुडाला शेवाळ व शिंपले माजले, आणि गलबते मंदावली. पोलादी जहाजांच्या बुडाशी आजही जस्ताच्या वड्या लावतात, त्या या प्रयोगाच्याच वंशातल्या.

समुद्रतळातून काढलेल्या तोफांसाठी जतनकार क्षपणाचाच आश्रय घेतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तोफ ठेवून तिच्यात मंद विद्युतप्रवाहाने इलेक्ट्रॉन भरतात, आणि मुरलेले क्लोराइड हळूहळू बाहेर येते. एका तोफेतले मीठ असे वसूल व्हायला कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. कुलाब्याच्या त्या दोन तोफांवर मात्र समुद्रावरून येणारा प्रत्येक वारा नवे मीठ आणून टाकतो आहे.