धूर, अग्नी आणि एक लंबगोल दीर्घिका

मंडळी, मागच्या खेपेला आपण न्यायशास्त्रातल्या अनुमानापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसतो, सबब तिथे अग्नी आहे. हे उदाहरण इतकं गुळगुळीत झालंय की त्यातली अडचण आता कुणाला बोचत नाही. म्हणून आज डोंगर बदलू. आजचा डोंगर 39 कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास वसईच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बागेजवळ, समुद्राकडे पाठ करून उभे राहा. उजव्या हाताला, आग्नेयेला, तांबूस ज्येष्ठा दिसेल. हात लांब करून मूठ धरली, तर त्या ताऱ्याच्या डावीकडे साधारण मूठभर अंतरावर भुजंगधारी तारकासमूहातली ती जागा. दिसणार काहीच नाही. नालासोपाऱ्याच्या दिव्यांना दोष देऊ नका, तिथे आपल्याच आकाशगंगेची धूळ आडवी येते. या धुळीपलीकडे दीर्घिकांचा एक मोठा गुच्छ आहे आणि त्याच्या मध्यभागी एक लंबगोल दीर्घिका.

लंबगोल दीर्घिका पाहून पहिल्यांदा निराशाच होते. सर्पिल दीर्घिकेसारखे बाहू नाहीत, नक्षी नाही. गूळ पडल्यावर माशा घोंगावाव्यात तसे तारे वाटेल त्या दिशेने फिरताहेत. तारे बहुतेक म्हातारे. नवे तारे फारसे जन्मत नाहीत. कडा तर नाहीच. उजेड मध्याकडून बाहेर विरत जातो, आणि दीर्घिका कुठे संपली हे रेघ मारून सांगता येत नाही.

पण खरी गंमत तिच्या शेजारात आहे. गुच्छातल्या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापलेला अतिविरळ वायू असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, क्ष-किरणांत दिसतो. सगळ्या ताऱ्यांचं वस्तुमान एकत्र केलं तरी या वायूचं त्याहून कितीतरी जास्त भरतं. आता चुलीवरून उतरवलेलं आधण निवतं ना? हा वायूही क्ष-किरणांवाटे उष्णता गमावतो. मध्यभागी तो दाट, म्हणून तिथे तो लवकर निवायला हवा, आत कोसळायला हवा आणि त्यातून नवे तारे धडाधड बनायला हवेत. तसं घडताना दिसत नाही. म्हणजे चुलीत कुणीतरी लाकूड सारतंय. संशय जातो दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवरावर. थोडा वायू त्याच्याकडे ओढला जातो, आणि तिथून झोत सुटून बाहेरच्या वायूत फुगे, पोकळ्या पाडतात. सूर्यमालेशी तुलना करावी एवढी ती वस्तू, आणि लाखो प्रकाशवर्षं पसरलेल्या शेजाराला ती ऊब पुरवते!

आता आपला धूर. 2016 मध्ये नॉर्बर्ट वेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीतून या गुच्छाकडे बारकाईने पाहिलं, तेव्हा वायूत एक आत वळलेली कड आढळली. एखाद्या प्रचंड पोकळीची भिंत असावी तशी. तो विचार त्यांनी केलाही आणि सोडून दिला, कारण एवढी पोकळी पाडायला लागणारी ऊर्जा अवाच्या सवा होती. शिवाय घागरीतल्या पाण्यासारखा असा वायू हिंदकळतो, आणि हिंदकळण्यानेही कडा उमटतात. नैयायिक म्हणेल, हेतू व्यभिचारी आहे, धूर अग्नीविनाही असू शकतो. आमच्या मते त्यांचं तेव्हाचं थांबणं योग्यच होतं. डरपोकपणा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मात्र ‘कारण फारच मोठं लागेल’ हा युक्तिवाद ‘कारण नाही’ इथवर पोचत नाही. तो फक्त जास्त पुरावा मागतो.

तो पुरावा रेडिओ लहरींनी दिला. पोकळी खरी असेल, तर ती झोतातल्या विद्युतभारित कणांनी भरलेली हवी, आणि असे कण जुने झाले की कमी वारंवारतेच्या लहरींतच ठळक दिसतात. सिमोना जासिंतुची यांच्या चमूने 2020 च्या फेब्रुवारीत निष्कर्ष जाहीर केले. त्यात युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीची साथ होती, ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन वाइडफील्ड ॲरेची होती, आणि आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटीची. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, जवळपास 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रेडिओ लहरींचा पट्टा त्या वळलेल्या कडेला तंतोतंत जाऊन भिडला. पोकळी एवढी, की आपल्यासारख्या पंधरा आकाशगंगा तीत ओळीने मावाव्यात. ऊर्जा आधीच्या विक्रमी स्फोटाच्या सुमारे पाचपट.

(जाता जाता: जीएमआरटी उभी करणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये पहिली रेडिओ दुर्बीण उभारली ती कल्याणला. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या 32 छोट्या तबकड्या, सूर्य पाहण्यासाठी. दिवा गाडीने जाणाऱ्या वसईकरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.)

स्फोट हा शब्द मात्र जपून घ्या. बॉम्बसारखा तो क्षणात झाला नाही, फार संथ झाला. आता तिथलं कृष्णविवर जवळजवळ शांत आहे. आणखी एक कोडं आहे. झोत सहसा दोन विरुद्ध दिशांना सुटतात, तेव्हा पोकळ्याही दोन हव्यात. 2020 मध्ये हाती आली ती एकच. दुसऱ्या बाजूचा वायू विरळ असेल, तर तिथले कण लवकर पसरून मंदावले असतील, असं त्या चमूने सुचवलं. म्हणजे इथे अग्नी मान्य करून न दिसणाऱ्या धुराची कारणं शोधावी लागतात. हे अनुमान उलट्या दिशेचं, आणि त्याचे दोष वेगळे. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.