पिल्लू पाहून साप घेऊ नये

सापांच्या दुकानात सगळीच पिल्लं लहान असतात आणि गिऱ्हाईक फसतं ते तिथेच. लंडनच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाशेजारी जेमतेम अडीच फूट भिंत मोकळी होती. आठ वर्षांच्या मुलीला साप हवा होता. काउंटरवरच्या डबीत पेन्सिलीएवढं नारिंगी पिल्लू जीभ लपलपवत होतं. कॉर्न स्नेक. मूळचा अमेरिकेचा, बिनविषारी, शांत, खाण्याचे नखरे नाहीत. इंग्लंडमध्ये नवख्याच्या हाती बहुधा हाच दिला जातो. पण दुकानदार बाईंनी आधी पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक दाखवला. साडेचार फुटांचा तो साप चार फुटी पेटीतल्या फांदीवरून सारखा ये-जा करत होता. “हा वीस वर्षं जगू शकतो. घेणार असाल तर हा घेताय, असं समजून घ्या,” त्या म्हणाल्या.

साप वेटोळं करून पडून राहतो, त्याला जागा कितीशी लागणार, असं पूर्वी पाळणारेही म्हणत. आरएसपीसीए ही ब्रिटनमधली प्राणिकल्याण संस्था आता बजावते, की सापाला पेटीत पूर्ण लांबीने सरळ होता आलं पाहिजे. ही पट्टी लावली, की दुकानातले बरेच साप आपोआप गळतात. रॉयल पायथन पाच फुटांपर्यंत जातो, तो गेला. गार्टर स्नेकचे नर आटोपशीर, पण खाणं मासे आणि गांडुळं, त्यामुळे घाण वारंवार आणि वास उग्र. एका खोलीच्या घरात नको. वेस्टर्न हॉगनोजचा नर दीड फुटाच्या आसपास राहतो. नाक वर वळलेलं, वावर दिवसाचा. घाबरला की मान चपटी करून फुत्कारतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर उताणा पडून मेल्याचं सोंग घेतो. करमणूक भरपूर. पण त्याच्या मागच्या दातांशी सौम्य विष असतं. चावून धरून ठेवलं तर हात सुजू शकतो. मुलगी मोठी असती तर विचार केला असता.

उरला केनियन सँड बोआ. पूर्व आफ्रिकेतला, वाळूत राहणारा, आपल्या मांडुळाचा भाऊबंद. दोघंही एरिक्स या एकाच वंशातले. यात मादी जाडजूड, अडीच फुटांपर्यंत जाणारी. नर मात्र दीड फुटाच्या आतबाहेर. म्हणजे नुसती जात ठरवून भागत नाही, नर की मादी हेही विचारावं लागतं. बाईंनी साप तळहातावर उलटा करून दाखवला. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बारीक नख्या होत्या, कधीकाळच्या मागच्या पायांच्या खुणा. नरात त्या अधिक ठळक असतात आणि शेपटीही जरा लांब असते. मग बाकीची तपासणी: नाकपुड्या कोरड्या हव्यात, तोंडाशी बुडबुडे नकोत. डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीखाली काळे ठिपके हलताना दिसले, तर त्या गोचिडीसारख्या बारीक किडी. असा साप घ्यायचा नाही. पिल्लू जंगलातून धरलेलं नसून इथेच जन्मलेलं आहे ना, आणि शेवटचं कधी खाल्लं, याची नोंदही मागून घ्यावी.

साप लहान म्हणून मांडामांड लहान होत नाही. पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास, दुसरी २५ च्या. सँड बोआला लपायला लाकडाच्या भुशाचा तीन-चार इंची थर लागतो, आणि गोम इथेच आहे. वाळूतला साप तापला की खाली शिरतो, कारण निसर्गात खाली गारवा असतो. तळाशी हीट मॅट घातली, तर तो गारव्यासाठी खाली जातो आणि अधिकच भाजतो. वरचा जाड थर उष्णता कोंडून ठेवतो ते वेगळंच. म्हणून आम्ही ऊब वरून दिली, थर्मोस्टॅट लावला आणि त्याची तार गरम कोपऱ्यात सापाच्या उंचीवर बसवली.

सँड बोआ नव्या घरात आल्यावर आठवडाभर त्याला हात लावला नाही. मग उंदराचं गोठवलेलं पिल्लू पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडवलं. मायक्रोवेव्ह कटाक्षाने टाळायचा. चिमट्याने ते भुशावर हळूच सरकवलं. बराच वेळ काही नाही. मग भुशातून दोन डोळे तेवढे वर आले. बाकी अंग आतच. पुढचं दिसलंच नाही इतक्या झटक्यात झालं: तोंड आडवं फिरलं, उंदीर वेटोळ्यात अडकला आणि दोघंही भुशात अर्धे बुडाले. गिळताना खालचा जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पुढे सरकत होता. त्यानंतर दोन दिवस पेटीला हात नाही. खाल्ल्यावर हाताळलेला साप उलटी करू शकतो.

एरवी पेटीत दिसतो तो भुसा. हे ज्याला चालेल, त्यानेच सँड बोआ घ्यावा. दिवसभर हालचाल बघायची हौस असेल तर जागा वाढवावी किंवा साप घेऊ नये. लहान पेटीत मोठा साप हा तिसरा मार्ग नाही. भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि फ्रीजरमधल्या उंदरांबद्दल घरातल्यांचीही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना मात्र वेगळं सांगायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आपल्याकडचा मांडूळ पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. गुप्तधनाच्या आणि ‘दुतोंड्या’च्या अफवांपायी त्याची तस्करी अजून चालते. शेतात मांडूळ दिसला तर त्याच्या वाटेने जाऊ द्या. उंदीर खाणारा तो साप शेतातच कामाचा आहे.