विश्लेषण : पन्नाशी गाठलेली ‘पद्मिनी’ विकत घ्यावी का?

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा शेवटच्या गाडीनेही ओलांडली होती. खासगी पद्मिनीला मात्र महाराष्ट्रात अशी मुदत नाही. त्यामुळे ‘आजोबांची फियाट विकणे आहे’ या जाहिराती अजूनही दिसतात आणि पगारातून थोडे पैसे साठलेल्या तरुणांना त्या खुणावतात. त्यातली कोणती गाडी घ्यावी आणि कोणती नुसती पाहून परत यावे?

‘प्रोजेक्ट’ म्हणजे नेमके काय?

जाहिरातीत ‘प्रोजेक्ट कार’ लिहिले असेल, तर गाडी अर्धवट उघडलेली आहे असे समजावे. इंजिन खाली उतरवलेले, दरवाजे माळ्यावर, क्रोमच्या पट्ट्या गोणीत. अशी गाडी सर्वांत स्वस्त दिसते आणि बहुतेकदा सर्वांत महाग पडते. आधीच्या मालकाने काम का थांबवले, हा पहिला प्रश्न. अनेकदा उत्तर इंजिनात नसून पत्र्यात असते.

पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे. टॅक्सींमुळे त्याचे सुटे भाग वर्षानुवर्षे मिळत राहिले आणि ते उघडून बसवू शकणारे जुने मेकॅनिक आजही सापडतात. खरी दमछाक काचा, दिवे, रबरी बिडिंग, दाराची हँडल आणि बंपर जमवताना होते. चोर बाजारात एक दिवा मिळतो, तर दुसरा त्याच्या जोडीचा नसतो. म्हणून अर्धवट गाडी घेताना विक्रेत्यासमोर सुट्या भागांची यादी करावी. ‘सगळे सामान आहे’ या वाक्यावर विसंबू नये.

उलट, जिला फारसा हात लागलेला नाही, मूळ रंग विटलेला आहे पण सीटचे कापडही कारखान्यातलेच आहे, ती गाडी जास्त किमतीला मिळाली तरी परवडते. नव्या चकचकीत रंगाला भुलणारे ग्राहक नेमकी हीच गाडी सोडतात.

गंजाची एवढी धास्ती कशाला?

जीपला खाली वेगळी चौकट असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर यांची रचना तशी नाही. तिथे पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा. त्यामुळे दाराखालच्या पट्टीला किंवा तळाला भोक पडले, तर फक्त रूप नव्हे, ताकदही जाते. अशी गाडी जॅकवर उचलली की दरवाजे नीट लागत नाहीत, हे लक्षण हमखास तपासावे.

समुद्राकाठच्या गाडीत तर विशेष काळजी हवी. पायाखालचे मॅटिंग उचलावे, डिकीतले स्टेपनी चाक बाहेर काढावे, बॅटरीखालचा पत्रा पाहावा. खिशात छोटे लोहचुंबक असावे. पुट्टीचा जाड थर असेल तिथे ते चिकटत नाही.

५० वर्षांचा नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली चारचाकी किंवा दुचाकी त्यात बसते. वय मॉडेलच्या वर्षावरून नव्हे, नोंदणीच्या तारखेवरून मोजले जाते. गाडी १९७५ ची, पण नोंदणी १९७७ ची असेल, तर अजून वाट पाहावी लागेल. फियाट ११०० ला ‘पद्मिनी’ हे नाव सत्तरच्या दशकात मिळाले. त्यामुळे हे नाव मिरवणाऱ्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे या वर्गात येऊ लागल्या आहेत.

नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, त्यानंतरचे नूतनीकरण ५ हजार रुपये. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल चालत नाही. पेट्रोल गाडीत दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले असेल, तर हा मार्ग जवळपास बंद.

शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच मुभा आहे. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचे असेल, तर ‘व्हीए’ प्लेट हा तोट्याचा सौदा ठरतो. विक्रीला आडकाठी नाही. मात्र दोघांनीही ९० दिवसांत परिवहन विभागाला कळवायचे असते.

१९८५ च्या गाडीचे काय?

इथेच खरी अडचण आहे. ती व्हिंटेजही नाही आणि तरुणही नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मधील सुधारणेनंतर २० वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क १० हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा. विक्रेत्याने वर्षानुवर्षे नूतनीकरण टाळले असेल, तर तो खर्च किमतीतूनच वजा करून घ्यावा.

कागद आधी, गाडी नंतर

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवणे हे पहिले काम. १९८९ पूर्वीच्या ‘एमएमसी’सारख्या तीन अक्षरी नंबरांची नोंद काही वेळा ऑनलाइन दिसत नाही. तशा वेळी मूळ आरटीओत जाऊन नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. ते काम विक्रेत्याने आधी करावे. गाडी दिवंगत आजोबांच्याच नावावर असेल, तर वारसांच्या नावे हस्तांतर होईपर्यंत इसारही देऊ नये. हस्तांतरासाठी सही केलेले फॉर्म २९ आणि ३० हातात हवेत. पूर्वी टॅक्सी असलेली गाडी कागदोपत्री खासगी झाली आहे का, हेही पाहावे.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या कार्ब्युरेटरमधले रबर आणि पेट्रोलच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या बदलण्याचा खर्च धरावा.

आणि गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी बोनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल, तर विक्रेत्याने इंजिन आधीच चालू करून ठेवले होते. चहा घ्यावा, इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे आणि मग स्टार्टर स्वतः मारून सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते पाहावे.