दोन तबकड्या, एक ठेका

एक गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं, दुसरं १२१चं. फरक क्षुल्लक वाटतो, पण अर्ध्या मिनिटात दुसरं अर्धा ठोका पुढे जातं आणि नुसता खडखडाट ऐकू येतो. १९७९च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ या टर्नटेबलवरची सरकपट्टी वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करते. मात्र वेगाबरोबर सूरही चढतो. ६ टक्क्यांना साधारण अर्धा स्वर. गायक बिचारा चिरका होतो.

नवशिक्या डीजेची खरी पंचाईत वेगळीच: ठोके फाटले हे कळतं, पण पुढे कोण पळतंय ते कळत नाही. मग हेडफोन एकाच कानावर ठेवून तबकडी बोटाने किंचित रोखावी. गोंधळ वाढला, तर ती मागेच होती. आता पुढे ढकलावी. ठोके आपोआप जुळवणारं ‘सिंक’चं बटण? ते नंतर.